पट्टी ‘नाही’ म्हणाली तेव्हा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात म्हणे. मीही अधूनमधून होईन. पण माझा राग गेला असे त्यावरून समजू नका.

माझा जन्म जर्मनीतल्या येना गावी झाला. माझे सर्वांत टोकाचे भिंग मोहरीच्या दाण्याएवढे आहे. ते घासणाऱ्या बाईने माझ्याआधी अकरा भिंगे नापसंत करून टोपलीत टाकली होती. बाराव्याला तिने प्रकाशाकडे धरून पाहिले आणि मान डोलावली. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मग मला गवतात गुंडाळून लाकडी पेटीत घातले, बोटीवर चढवले आणि पुढे ट्रकमध्ये हाडे खिळखिळी होईपर्यंत हिंदकळत मी इथिओपियाच्या पठारावर चढलो. पठाराच्या दुसऱ्या अंगाने खाली उतरलो तो सुदानच्या सीमेजवळ, तिळाच्या मुलखात. तिथल्या एका आरोग्य केंद्राच्या खिडकीपाशी मला ठेवले गेले. आज चाळीस वर्षे झाली, मी त्याच केंद्रात आहे.

त्या खिडकीपाशी बेझाबी काका बसत. विजेचा पत्ता नव्हता, पण माझ्या पायाशी एक गोल आरसा आहे. काका तो सूर्याकडे वळवत आणि उजेड माझ्या पोटातून वर चढे. हिवतापाच्या रोग्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, काचेवर पसरायचा, वाळवायचा, जांभळ्या रंगात बुडवायचा आणि माझ्याखाली ठेवायचा. मग त्या जांभळ्या पसाऱ्यात बारीक अंगठ्या दिसू लागत. प्रत्येक अंगठीला एक खडा. दागिना म्हणून छान दिसेल, पण तोच तो माणसे मारणारा जंतू.

काकांनी अत्सेदेला शिकवले तेही माझ्यावरच. अत्सेदे तेव्हा नुकतीच लागली होती. काचेवरच्या दहा-वीस जागा बघून ती म्हणाली, “काका, काही नाही यात.”

“किती जागा बघितल्यास?”

“वीस.”

“मग ‘नाही’ कुठल्या तोंडानं म्हणतेस? ‘हो’ म्हणायला एक जागा पुरते, पोरी. ‘नाही’ म्हणायला दोनशे बघाव्या लागतात. मान मोडली तरी बघायच्या.”

तिची मान मोडली नाही. एकशे चाळिसाव्या जागी तिला अंगठी सापडली. त्या रात्री एका मजुराचा जीव वाचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने माझ्यासमोर भाजलेल्या चण्यांची वाटी ठेवली. मी चणे खात नाही, ते काकांनी खाल्ले. पण वाटी माझ्यासमोर ठेवली होती, हे मी विसरलेलो नाही. एक सरकार उलथले आणि सैनिक दिसेल ती वस्तू उचलून नेत होते, तेव्हा काकांनी मला गोवऱ्यांच्या ढिगात लपवले होते. पंधरा दिवस मला शेणाचा वास येत होता. एवढी किंमत होती माझी.

मग पट्टी आली.

पट्टीशी माझे वैर नाही. खोटे कशाला बोलू? हिवतापाचा जंतू रक्तात एक प्रथिन सोडतो. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की ती ते प्रथिन हुडकते. सापडले तर दोन रेघा, नाही सापडले तर एक. पाव तासात काम फत्ते. ना ऊन लागते, ना जांभळा रंग, ना मोडकी मान. मी लोखंडाचा बोजड गडी, दूरच्या पाड्यांवर कुठे चालत जाणार होतो? पट्टी आरोग्यसेविकेच्या पिशवीतून गेली आणि तिने हजारो माणसे वाचवली. तिचे कौतुक मीही करतो.

मला राग आहे तो त्यानंतर जे झाले त्याचा. बेझाबी काका निवृत्त झाले. गेतिनेत नावाचा तरुण केंद्रप्रमुख आला. वाईट नव्हता तो, पण वरून आलेला कागद त्याला वेदवाक्य. एक रेघ असेल तर गोळ्या द्यायच्या नाहीत, असा नियम आला. गोळ्याही तितक्याच येत, जितक्या दोन रेघा नोंदल्या असतील. एकदा त्याने दया येऊन एका म्हाताऱ्याला रेघेवाचून गोळ्या दिल्या, तर त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तेव्हापासून औषधाच्या कपाटाची किल्ली त्याच्या गळ्यात आली आणि दया कपाटात गेली.

आणि मी? माझ्या भिंगावरचे तेलही कोणी पुसले नाही. ते तसेच वाळून चिकट झाले. माझे कापडी आवरण कुणी तरी इंजेरा म्हणजे आमच्या आंबट भाकऱ्यांच्या टोपलीवर घातले. माझा पाया जड आहे, एवढाच गुण लोकांच्या लक्षात राहिला होता. म्हणून त्यांनी मला व्हरांड्यातल्या दाराला टेकू म्हणून लावले. मित्रांनो, ज्याने दोन पिढ्यांचे रक्त वाचले, त्याला वाऱ्याने दार आपटू नये म्हणून जमिनीवर ठेवले! येणारा जाणारा मला लाथ मारून जाई. माझ्या आरशाचा एक कोपरा असाच उडाला. सहा वर्षे मी दार धरून बसलो होतो.

पण त्या जागेवरून व्हरांडा दिसायचा. म्हणून पुढचे सगळे मी पाहिले आहे.

तिळाच्या कापणीचा हंगाम होता. पठारावरून मजुरांचे तांडे उतरले होते, शेतांत तिळाच्या पेंढ्या उभ्या केलेल्या होत्या. तापाचे लोक व्हरांड्यात दाटीवाटीने बसलेले, आणि पट्टीवर पट्टी एकच रेघ दाखवत होती. मजूर थट्टा करू लागले. एक जण दात वाजवत म्हणाला, “पट्टी म्हणते मी ठणठणीत आहे. मग कापणीला हिलाच पाठवा की!” सगळे हसले. तोही हसला आणि हसता हसता ओकला.

केंद्राच्या फाटकाशी वुदे कॉफी भाजून विकायची. तिची सहा वर्षांची मुलगी त्सिगे. अशी बडबडी, की मला दारापाशी बसवले तेव्हा माझ्याशीही गप्पा मारणारी ती एकटीच. “आजोबा, तुम्हाला एकच डोळा का?” असे विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न टाकायची. तिला ताप भरला.

वुदेने तिला उचलून आणले. पट्टी लावली. एक रेघ.

“मलेरिया नाही,” गेतिनेत म्हणाला. “तापाची गोळी दे, पाणी पाज.”

तिसऱ्या दिवशी ती परत आली. पुन्हा एक रेघ.

“साहेब, अंग तव्यासारखं भाजतंय हो. रात्रभर थरथरत होती. मी काय मलेरिया बघितला नाही का? माझा नवरा त्यानंच गेला.”

“वुदे, पट्टी स्पष्ट सांगतेय.”

“पट्टीला ताप आलाय का माझ्या पोरीला?”

व्हरांड्यात कोणी हसले नाही. गेतिनेतने मान खाली घालून वहीत ‘नाही’ असे लिहिले. वुदेने पोरीला पाठुंगळी घेतले. दवाखाना नाही म्हणाला तर आमच्याकडे माणसे देवळाच्या पवित्र झऱ्यावर जातात. तीही गेली. तीन दिवस पहाटेच्या गार पाण्याखाली तिने पोरीला धरले. लोक नंतर तिलाच नावे ठेवू लागले, पाण्याने पोर बिघडली म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिला त्या वाटेला लावले कोणी? आम्हीच ना?

सातव्या दिवशी वुदे आली ती थेट अत्सेदेसमोर उभी राहिली. अत्सेदे आता पन्नाशीची झाली होती. तिचे काम उरले होते पट्ट्यांवर थेंब टाकायचे आणि नोंदी करायच्या. वुदे म्हणाली, “ताई, मी गोळ्या मागायला आले नाही. नीट बघा, एवढंच सांगायला आलेय. कोणी बघतच नाहीये.”

अत्सेदे उठली. दारापाशी आली. तिने मला दोन्ही हातांनी उचलले आणि तिच्या मागे दार धाडकन आपटले.

माझ्या नळीत कोळ्याने घर केले होते. डोळ्याच्या भिंगावर बुरशीचे धागे होते. ती पुटपुटत होती, “काय केलं रे तुझं. काय केलं आम्ही.” मऊ कापड घेऊन तिने वाळलेले तेल हळूहळू उतरवले. त्सिगेच्या बोटाचा थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंगवला. जुन्या खिडकीपाशी मला ठेवून तिने फुटका आरसा सूर्याकडे वळवला. सहा वर्षांनी माझ्यात ऊन आले.

दोनशे जागा बघायची गरजच पडली नाही. पहिल्याच जागी अंगठ्या होत्या. एक नाही, दोन नाही, गाडाभर. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरीची आई आठवडाभर ओरडून सांगत होती आणि जंतू तिच्या रक्तात जत्रा भरवून बसले होते!

अत्सेदे धावत गेली. “साहेब, काचेवर मलेरिया आहे. खच्चून भरलाय. किल्ली द्या.”

गेतिनेत गोंधळला. “पट्टी नाही म्हणते, काच हो म्हणते. मी कुणाचं ऐकू? वरून विचारून घेतो.”

“पोरगी मरेल तोवर.”

“एका दिवसाचा प्रश्न आहे, अत्सेदे. मागच्या वेळचा खुलासा कुणी लिहिला होता? मीच ना?”

त्याने फोनवर पट्ट्यांच्या खोक्याचा फोटो काढला आणि काचेवर काय दिसले ते लिहून राजधानीतल्या कचेरीला पाठवला. आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. मित्रांनो, तुमच्याकडे शके आणि इसवी सन असे दोन हिशेब असतात ना? आमच्या देशाचे पंचांगही असेच निराळे, इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालणारे. परदेशी खोक्यांवर इसवी सन छापलेला असतो. पूर्वी शेजारच्या केंद्रात कुणी तरी ते आपलेच वर्ष समजून मुदत संपलेली औषधे वाटत राहिला होता. त्यामुळे गेतिनेत प्रत्येक खोक्यावर छापलेल्या मुदतीच्या वर्षावर पांढरा कागद चिकटवी आणि जाड पेनाने आपले वर्ष लिही. खोक्यावर छापलेले होते २०१८. त्याने लिहिले होते २०१०. आमच्या हिशेबाने तेव्हा २००९ चालू होते, म्हणजे पट्ट्या चांगल्याच होत्या.

राजधानीतल्या कचेरीचे अर्ज मात्र परदेशी वर्षांत भरायचे असतात. तिथे कुणी तरी फोटोतले २०१० वाचले, समोरच्या अर्जात २०१६ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप धाडला: तुमच्या पट्ट्यांची मुदत सहा वर्षांपूर्वी संपली आहे. तपासण्या बाद समजाव्यात. नवे खोके उघडून पुन्हा तपासावे. आमच्या यादीप्रमाणे नादुरुस्त असलेल्या सूक्ष्मदर्शकाचे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत.

नादुरुस्त! मला न बघता! उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण हे तर उंटही न बघता हाकत होते.

गेतिनेतला खोक्यावरचे स्वतःचे अक्षर दिसत होते. घोळ कुठे झाला, हे एका फोनने सांगता आले असते. पण त्याला त्या निरोपात सुटका दिसली. त्याने नवे खोके उघडले आणि नवी पट्टी लावली. एक रेघ. “बघ,” तो अत्सेदेला म्हणाला, “आता तर नव्या पट्टीनंही सांगितलं.” त्याच्या आवाजात जो सुटल्याचा भाव होता, तो मी कधी माफ करणार नाही.

नवव्या दिवशी सकाळी त्सिगेला झटके आले. डोळे वर गेले, दातखीळ बसली. वुदे तिला घेऊन व्हरांड्यात बसली होती.

अत्सेदेने जुने खोके उचलले, नखाने पांढरा कागद फाडला आणि ते गेतिनेतच्या नाकासमोर धरले. तोवर ती त्याला साहेब म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरे केले.

“वाच. काय छापलंय? दोन हजार अठरा. तूच चिकटवलास ना कागद? पट्ट्या चांगल्या आहेत, गेतिनेत. चांगल्या असून आंधळ्या आहेत. आता इकडे ये. डोळा लाव.”

“अत्सेदे, नियम…”

“नियमाच्या पोरीला झटके येतायत का रे? डोळा लाव म्हणते ना!”

तो वाकला. कॉलेज सुटल्यापासून त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता. त्याचा श्वास माझ्या काचेवर आला. मी माझे सगळे बळ एकवटले आणि होते नव्हते ते त्याच्यासमोर मांडले. तो बराच वेळ वाकलेला राहिला. मग त्याने गळ्यातली किल्ली काढून अत्सेदेच्या हातात दिली आणि स्वतः सुईची तयारी करायला गेला. त्याची कीव आली का, असे विचाराल. आली. पण रागाला जागा पुरून उरली होती.

सुई दिली. दुसरी दिली. तिसऱ्या दिवशी त्सिगेने डोळे उघडले. वुदेने हाक मारली. पोरीने मान वळवली नाही. वुदेने टाळी वाजवली. मग कॉफी भाजायचा पत्रा आणून त्यावर दगड आपटला. शेजारच्या खाटेवरचा मजूर दचकून उठून बसला. त्सिगे छताकडे बघत राहिली. ताप मेंदूपर्यंत गेला होता आणि परत जाताना तिचे कान घेऊन गेला होता.

अत्सेदेने त्या हंगामातल्या एक रेघवाल्या सगळ्यांचे रक्त माझ्याखाली घातले. चाळिसांतले अकरा जण आजारी निघाले. काचा तिने कापसात गुंडाळून, सोबत कागद फाडलेल्या खोक्याचा फोटो जोडून, कचेरीला पाठवल्या. एकदा, दोनदा, पाच वेळा. शेवटी माणसे आली. त्यांनी रक्ताचे ठिपके जाड कागदावर वाळवून नेले आणि वर्षभराने वडाच्या जातीच्या मोठ्या झाडाखाली सभा घेऊन सांगितले की हा एक थक्क करणारा शोध आहे. पट्टी जे प्रथिन हुडकते, ते बनवायचेच काही जंतूंनी सोडून दिले आहे. त्याची कृतीच त्यांच्या अंगातून गळून पडली आहे. त्यात आपलाही हातभार आहे: ज्यांच्याजवळ ते प्रथिन होते, ते पट्टीत सापडले आणि औषधाने मेले. ज्यांच्याजवळ नव्हते, ते सुटले आणि डासांबरोबर गावोगाव गेले. पट्टीच्या विश्वासावर आपण नेमके तेच जंतू वाढवले. असे आणखीही काही देशांत आढळते आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वुदे पाहुण्यांना कॉफी देत होती. तिसरी फेरी झाल्यावर तिने राजधानीहून आलेल्या डॉक्टरीणबाईला विचारले, “बाई, तुम्हाला हे कधी कळलं?”

“या वर्षी.”

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी तीनदा येऊन सांगितलं. ते तुमच्या कागदात आहे का?”

डॉक्टरीणबाई प्रामाणिक होती. ती म्हणाली, “नाही, वुदे. ते नाही लिहिलं.”

“मग शोध कसला लागला तुम्हाला?” वुदे म्हणाली, आणि तिने कप गोळा केले.

आता नव्या पट्ट्या आल्या आहेत. त्या दुसरेच प्रथिन हुडकतात आणि चांगल्या आहेत. गेतिनेत मला कपाटात ठेवून द्यायला निघाला होता. अत्सेदेने त्याच्याकडे नुसते पाहिले, तसा तो मला खिडकीपाशी ठेवून गेला. ती आता रोज माझे तेल पुसते. पुढच्या वर्षी तीही निवृत्त होईल. मग कोण पुसणार, हे मला ठाऊक नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राची निगा राखा, हे मी सांगायलाच हवे. मऊ कापडाने पुसा, तेल वाळू देऊ नका, दाराला लावू नका. पण तुमच्यातला कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी कचेरीत बसेल, कोणाच्या गळ्यात किल्ली येईल. समोर एखादी आई येऊन म्हणेल की पोरीचे अंग भाजते आहे आणि तुमच्या हातातले नवेकोरे यंत्र म्हणेल की तसे काही नाही. तेव्हा उठा. खुर्ची सोडा. पुन्हा बघा, दुसऱ्या डोळ्याने बघा, आणि त्या आईला दुसऱ्यांदा यायला लावू नका.

त्सिगे आता शाळेत जाते. पहिल्या बाकावर बसून बाईंच्या ओठांकडे बघते. वुदे सांगत होती की बाईंनी काही विचारले, तर ती न ऐकताच मान डोलावून ‘हो’ म्हणते. सगळ्यालाच हो म्हणते. बाईंना वाटते, किती गुणी पोर आहे.